रावसाहेबांचे चरित्र आणि कुळाचा सातबारा

तालुक्यातील तरुण कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात ‘कोकणातील जमीनसंबंध’ या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले होते. व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने उभे राहून विचारले, “सर, तुम्ही खोतांविषयी एवढे कठोर बोललात. पण खोत म्हणजे गावचा पालनकर्ताच होता ना? आमच्या गावच्या देवळाच्या स्मरणिकेत तसे छापले आहे.” हा तरुण कुळाच्या घरातला होता. त्याच्या पणजोबांनी खोताच्या शेतावर वेठ केली होती, हे त्याला घरी कोणी सांगितलेले नव्हते. स्मरणिकेने मात्र त्याला खोताचे औदार्य सांगितले होते.

मला त्या तरुणाचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा आणि आपल्या चळवळीचा. ज्या जिल्ह्यात खोतीविरुद्ध दोन पिढ्या झगडल्या, त्या जिल्ह्यात खोतीचा इतिहास लिहिण्याचे काम आपण खोतांच्या वारसांवर सोपवून निर्धास्त झालो. आज ठिकठिकाणी जुन्या थोर पुरुषांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या होतात, चरित्रे नव्याने छापली जातात, रस्त्यांना व सभागृहांना नावे दिली जातात. त्यास हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती या चरित्रांतून गाळल्या जाणाऱ्या पानांना. म्हणून या लेखात मी एकाच माणसाचे आयुष्य घेतो आणि त्यातील गाळलेले पान वाचून दाखवितो. तो माणूस लहानसहान नाही. ते आहेत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक.

मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही

मंडलिकांचा जन्म १८३३ साली दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. रत्नागिरीत आरंभीचे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. सरकारी नोकरीत निरनिराळ्या जागांवर काम केल्यावर त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात आघाडीच्या वकिलांत स्थान मिळविले. १८६४ साली त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केले. एल्फिन्स्टनच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतर त्यांनी केले. व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला आणि हिंदू कायद्याच्या अभ्यासात तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मुंबईच्या महापालिकेत ते अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. १८७०च्या दशकात ते मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात बसले आणि १८८४ साली व्हाइसरॉयच्या विधिमंडळात त्यांची नेमणूक झाली. १८८९ साली ते निवर्तले.

खाडी ओलांडून, गलबतातून मुंबईस जाऊन, केवळ बुद्धीच्या आणि कष्टांच्या बळावर एवढी मजल मारणारा माणूस सामान्य नव्हता. त्यांची विद्वत्ता खरी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे मान न लवविण्याची त्यांची वृत्तीही खरी होती. हे सर्व मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: ही विद्वत्ता आणि हा ताठ कणा रत्नागिरी जिल्ह्याच्या जमिनीच्या प्रश्नावर कोणाच्या कामी आला?

याचे उत्तर स्पष्ट आहे. मंडलिक स्वतः खोत घराण्यातले होते आणि खोतांचे ते सर्वांत समर्थ प्रवक्ते होते. पत्रात, न्यायालयात आणि विधिमंडळात त्यांनी खोतांची बाजू लढविली. चरित्रकार एकतर या गोष्टीवरून घाईने पुढे जातात, नाहीतर ती ‘परकीय सरकारशी दिलेली झुंज’ म्हणून सजवून सांगतात. ती झुंज होती, यात शंका नाही. परंतु ती कशासाठी होती, हे समजण्यासाठी खोती कशी चालत होती ते पाहावे लागेल.

खोतीचा हिशेब

खोत हा मुळात वसुलीचा मक्तेदार. विजापूरकरांच्या राजवटीपासून चालत आलेली ही पद्धत. गावचा सारा सरकारात भरण्याची हमी खोत घेई, त्यासाठी कबुलायत लिहून देई आणि गावाकडून वसूल करी. कालांतराने हा मक्ता वंशपरंपरागत झाला, त्याचे भावाभावांत हिस्से पडले, हिस्से विकले आणि गहाण टाकले जाऊ लागले. आणि वसुलीचा अधिकार मालकीच्या भाषेत बोलू लागला. खोत सगळे एकाच जातीचे नव्हते. चित्पावनांप्रमाणे मराठा आणि मुसलमान खोतही होते. मात्र कुळे बहुतांशी कुणबी, महार, भंडारी अशा कष्टकरी जातींची होती. वर्ग आणि जात यांची वीण कोकणात इतकी घट्ट आहे की एक सोडून दुसरीविषयी बोलणाऱ्याला अर्धेच सत्य दिसते.

कुळांतही पायऱ्या होत्या. सरकारी धाऱ्याइतकेच देणारे धारेकरी वरच्या पायरीवर. धाऱ्याच्या दीडपट, दुपट्ट देणारे त्याखाली. आणि सर्वांत खाली पिकाचा वाटा देणारी साधी कुळे. भातजमिनीवर अर्धेल म्हणजे निम्मे पीक खोताचे. वरकस जमिनीवर, जिथे डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी काढायची, तिथे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. हा हिस्सा खळ्यावर मोजून घेतला जाई असेही नाही. पीक उभे असतानाच खोताचा माणूस येऊन अंदाज बांधी. त्याला आभावणी म्हणत. अंदाज जास्त बांधला गेला, तर कुळाने दाद कोणापाशी मागायची? अंदाज बांधणारा आणि निवाडा करणारा एकच असे. याखेरीज वेठ होती. खोताच्या शेतावर नांगर आणि माणूस ठरावीक दिवशी फुकट गेलेच पाहिजेत. कार्यप्रसंगी लाकूडफाटा, भाजी, कोंबडी पोचलीच पाहिजेत. कुळाच्या खळ्यावरचे भात संपले की आषाढात पोटासाठी कर्ज, आणि कर्ज देणाराही बहुधा खोतच.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या पद्धतीकडे पाहतो तेव्हा मला तिच्यातील क्रौर्याइतकेच तिचे वांझपण जाणवते. जिथे निम्मे पीक दुसऱ्याच्या कणगीत जाते, तिथे बांध नीट करण्यात, खत घालण्यात, झाड लावण्यात कुळाला काय स्वारस्य उरावे? आणि ज्याला कष्टाविना निम्मे पीक मिळते, त्या खोताला तरी जमिनीवर खर्च करण्याची काय गरज? हा वाढावा लग्नकार्यांत, भाऊबंदकीच्या दाव्यांत आणि शहरातील शिक्षणात गेला. जमिनीत परत आला नाही. शेवटी कुळाच्या घरातला तरणा मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला. तो दरमहा मनीऑर्डर पाठवी. त्या मनीऑर्डरीतून घरची तूट भरून निघे आणि खोताचा हिस्सा चुकता होई. गिरणीमालकाला मजूर स्वस्त मिळे, कारण त्याचे बायकामुलांचे पोट गावच्या शेतावर टाकलेले असे. खोताला खंड नियमित मिळे, कारण तो मुंबईच्या मजुरीतून भरला जाई. गिरणीमालक आणि खोत एकमेकांना ओळखतही नव्हते, पण एकाच दोरीची ती दोन टोके होती.

माझे आजोबा चार आण्यांचे खोत होते, हे येथे सांगणे मी कर्तव्य समजतो. मी शिकलो तो या वाढाव्याच्या बळावर. तेव्हा खोती ‘तशी वाईट नव्हती’ असे म्हणण्याचा मोह मला इतरांपेक्षा अधिक होऊ शकला असता. लहानपणी ओटीवर बसलेले आजोबा आणि अंगणात, पावसातही ओटीची पायरी न चढता उभे असलेले वयोवृद्ध कूळ, हे दृश्य मी पाहिलेले आहे. तोवर कायद्याने खोती संपली होती. पायरी मात्र संपली नव्हती.

१८८० चा कायदा कोणाचा?

इंग्रजी राजवटीत १८६०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यात मोजणी सुरू झाली. १८६५ च्या मोजणी कायद्यात खोती गावांसाठी खास कलमे घालण्यात आली आणि मोजणीखात्याने कुळांनी खोताला किती द्यावे याला मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. इंग्रज सरकारला कुळांचा पुळका आला होता असे नव्हे. मधल्या माणसाने किती खावे आणि आपल्या तिजोरीत किती यावे, हा त्यांचा हिशेब होता. पण त्या हिशेबातून का होईना, कुळाचे नाव प्रथमच सरकारी कागदावर आले. खोत खवळले. त्यांनी अर्ज केले, दावे लावले, वसुलीत असहकार केला. सरकार मागे सरले, चौकशी नेमली गेली आणि अखेर १८८० साली खोती सेटलमेंट कायदा, म्हणजे त्या वर्षीचा मुंबई इलाख्याचा पहिला कायदा, संमत झाला.

या कायद्याने काय केले? खोताच्या हक्काला कायद्याचे शिक्कामोर्तब मिळाले. ठरावीक जुन्या सालापासून सलग वहिवाट दाखवू शकणाऱ्या कुळांना कायम कूळ मानण्यात आले. पण त्यांचा हक्क वारसाने चालावा, एरवी सहसा हस्तांतरित होऊ नये, अशी अट राहिली. कुळाने जमीन सोडली की ती खोताकडे परत जाई. आणि ज्यांना आपली वहिवाट कागदाने सिद्ध करता येत नव्हती, ती असंख्य साधी कुळे पूर्वीप्रमाणेच खोताच्या मर्जीवर राहिली. निरक्षर कुणब्याने पंधरा-वीस वर्षांची वहिवाट कोणत्या कागदाने सिद्ध करायची? कागद तर खोताच्या पेटाऱ्यात होते.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सरकार हादरले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. घाटावर शेतकऱ्याने उठाव केला, तेथे शेतकऱ्याच्या नावाने कायदा झाला. घाटाखाली कूळ गप्प राहिले आणि खोत बोलला. तेथे पुढच्याच वर्षी खोताच्या नावाने कायदा झाला. या दोन कायद्यांमधील अंतर एका वर्षाचे असले, तरी त्यातील धडा दीडशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

आणि विधिमंडळात कुळांच्या वतीने कोण बसले होते? कोणीही नाही. १८६१ च्या कायद्यानुसार ही विधिमंडळे नेमलेल्या सभासदांची होती. मंडलिकांना रत्नागिरीच्या एकाही माणसाने मत दिले नव्हते, कारण मत नावाची वस्तूच नव्हती. तरीही आमची चरित्रे त्यांना ‘कोकणचे प्रतिनिधी’ म्हणतात. सरकारने नेमलेला खोत खोतांच्या हक्कांवर बोलतो, आणि त्याला सर्व कोकणचा आवाज म्हणावयाचे! खोताने सरकारशी भांडणे म्हणजे जनतेने सरकारशी भांडणे, हे समीकरण येथूनच सुरू झाले. हाच भ्रम आपल्या राष्ट्रीय इतिहासाने पुढे फार दिवस जोपासला.

दुसऱ्या एका सरहद्दीवरचा पुढारी

याच शतकात दूर अमेरिकेत डेव्हिड क्रॉकेट नावाचा एक पुढारी होऊन गेला. सिनेमांनी त्याला अस्वले मारणारा रानगडी करून टाकले आहे. त्याच्या राजकारणाकडे फारसे कोणी पाहत नाही. १७८६ साली टेनेसीच्या रानटी सरहद्दीवर गरीब घरात तो जन्मला. शिक्षण जेमतेम. १८२७ साली तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला, आणि तेथे त्याने एकच ध्यास घेतला. पश्चिम टेनेसीतील रानात झाडे तोडून, झोपडी बांधून, सनदेविना वसलेल्या गरीब शेतकऱ्यांना त्यांनी कसलेली जमीन त्यांच्या नावे मिळावी, असे विधेयक संमत व्हावे हा तो ध्यास. जमिनीचे दलाल आणि मोठे सनदधारक विरुद्ध होते. त्याच्या हयातीत ते विधेयक काही संमत झाले नाही. १८३० साली अध्यक्ष जॅक्सन यांनी मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या भूमीतून हुसकण्याचा कायदा आणला, तेव्हा जॅक्सनच्याच राज्यातून निवडून गेलेल्या क्रॉकेटने विरुद्ध मत दिले. पुढच्याच निवडणुकीत तो पडला. पुन्हा निवडून आला, पुन्हा पडला, आणि १८३६ साली टेक्ससमधील आलामोच्या लढाईत मारला गेला.

क्रॉकेटलाही मी देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. ज्या जमिनीसाठी तो भांडला, ती काही वर्षांपूर्वीच चिकासा जमातीकडून घेतलेली होती. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्याने काही लढा दिला नाही, आणि त्याला मत देणारे बहुतेक गोरे पुरुषच होते. पुढे १८६२ साली लिंकनच्या काळात होमस्टेड कायदा झाला आणि पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. परंतु त्याच राष्ट्राने आगगाडीच्या कंपन्यांना दहा कोटी एकरांहून अधिक जमीन बहाल केली. भांडवलशाही एका हाताने कसणाऱ्याला तुकडा देते आणि दुसऱ्या हाताने कंपनीला प्रांत देते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तरीही तुलना करावयाची ती अशी. अर्धशिक्षित क्रॉकेट विधिमंडळात गेला तो सनद नसलेल्या, पण जमीन कसणाऱ्या माणसाचा प्रश्न घेऊन, आणि हरला. महाविद्वान मंडलिक विधिमंडळात गेले ते सनद असलेल्या, पण जमीन न कसणाऱ्या माणसाचा प्रश्न घेऊन, आणि बव्हंशी जिंकले. पुढाऱ्याचे मोल त्याच्या विद्वत्तेवरून करावयाचे की जमिनीच्या भांडणात तो कोणत्या बाजूस उभा राहिला त्यावरून, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक ठराविक आक्षेप घेतला जातो: ‘ते त्यांच्या काळाचे अपत्य होते, आजच्या मापाने त्यांना मोजू नका.’ उत्तम. मग त्यांना त्यांच्याच काळाच्या मापाने मोजू या. महात्मा फुले १८२७ साली जन्मले आणि १८९० साली वारले. म्हणजे मंडलिकांचे सर्व आयुष्य फुल्यांच्या आयुष्यात सामावते. १८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. १८८३ च्या सुमारास त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. एकाच काळाने, एकाच भाषेत, ही दोन्ही अपत्ये जन्माला घातली. तेव्हा दोष काळाचा नव्हे. काळाने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या होत्या. ज्याने त्याने आपल्या हितसंबंधाप्रमाणे वाट निवडली.

कुळांनी लिहिलेला इतिहास

खोती सरकारच्या कृपेने गेली नाही आणि खोतांच्या सद्बुद्धीनेही गेली नाही. सीताराम केशव बोले यांच्यासारख्यांनी विधिमंडळात तिच्याविरुद्ध आवाज उठविला. कुलाबा जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि पंचवीस गावांतील कुळांनी जमिनी ओसाड ठेवल्या. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे स्वतःच्या हाताने स्वतःचे शेत पडीक ठेवणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भाताची कणगी आहे त्याला विचारावे. लोकांनी लाकडे तोडून विकली, मोलमजुरी केली, पण खोताचा नांगर धरला नाही. त्या संपाच्या दडपणामुळे तत्कालीन महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना लक्ष घालावे लागले आणि १९३९ च्या कूळकायद्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द प्रथम आला.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात ज्यांचे मूळ गाव आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधानभवनावर चालून गेले. कोकणचा कुणबी आणि महार त्या दिवशी एका रांगेत चालले. स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्तेही त्यात होते. महाडच्या सत्याग्रहात पुढे असलेले अनंतराव चित्रे यांच्यासारखे उच्चवर्णीय सहकारीही या चळवळीत होते. म्हणजे जन्माने आलेला हितसंबंध माणसाला ओलांडता येतो. विधेयकात खोतांना भरपाई देण्याची तरतूद असूनही काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने ते पुढे जाऊ दिले नाही. ज्या पक्षाने साम्राज्यशाहीविरुद्ध तुरुंग भरले, त्या पक्षाला खोताच्या ओटीची पायरी चढवेना.

आपल्या परिवारातलेच उदाहरण द्यावयाचे तर साने गुरुजींचे देता येईल. दापोली तालुक्यातील पालगडच्या खोत घराण्यात ते जन्मले. त्यांनी खोतीचे गोडवे गायिले नाहीत. ते खानदेशातील शेतकरी-कामगारांत गेले आणि त्यांच्यासाठी तुरुंगात गेले.

अखेर स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला आणि १९५० मध्ये तो अमलात आला. १९४८ चा कूळकायदा आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसेल त्याची जमीन हे तत्त्व कागदावर आणले. ‘कागदावर’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. खोताच्या खासगी जमिनी खोताकडेच राहिल्या. प्रा. वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळांनी ‘स्वखुशीने’ दिलेले जमिनीचे राजीनामे किती स्वखुशीचे होते, याविषयी त्या अहवालाने गंभीर शंका उपस्थित केली होती. कोकणात हे वेगळे सांगावे लागत नाही. मालकाच्या ओटीवर, मालकाच्या शाईत, कुळाच्या अंगठ्याने झालेली ती ‘स्वखुशी’ होती.

आता हे का उकरावयाचे?

‘खोती जाऊन पाऊणशे वर्षे होत आली, आता हे कशाला?’ असे आपले काही मित्रही विचारतील. त्यांना मी रत्नागिरी-राजापूरकडे बोट दाखवितो.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना लोकांच्या विरोधामुळे २०१९ साली रद्द करावी लागली. नंतर तोच प्रकल्प बारसू परिसरात आणण्याचे घाटले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती-परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावच्या स्त्रिया उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या आणि पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत घातले. प्रकल्प चांगला की वाईट हा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रकल्पाची कुणकुण लागताच कातळसडे विकत घेतले जातात. घेणारा परगावचा, विकणारा बहुधा मुंबईकर हिस्सेदार. आणि त्या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणारे, गवत कापणारे, पावसाळी नाचणी करणारे लोक मोबदल्याच्या यादीत कोठेच नसतात. ज्याचे नाव कागदावर, त्याचा मोबदला. ज्याचे पाय जमिनीवर, त्याच्यावर लाठी. हे १८८० चेच तत्त्व आहे. तेव्हा कागद खोताच्या पेटाऱ्यात होते, आता ते संगणकात आहेत, एवढाच फरक.

कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध होते. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकण्याची मुभा दिली गेली. कुळाला आपल्या मालकीचा पूर्ण हक्क मिळाला, असे तिचे समर्थन केले जाते, आणि त्यात तथ्य आहे. गरिबाने अडचणीत जमीन विकू नये असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु आकार हा रुपये-पैशांत मोजण्याइतका क्षुल्लक असतो. त्याच्या चाळीस पट म्हणजे आजच्या बाजारभावापुढे काहीच नव्हे. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून जे मिळविले, ते एका सहीने जाते, आणि घेणाऱ्याला ते जवळजवळ मोफत अडथळामुक्त करून मिळते. हा बदल होत असताना आपण, म्हणजे कूळकायद्याचा वारसा सांगणारे, कोठे होतो?

अशा वेळी ‘खोत गावचा पालनकर्ता होता’ हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही. ज्याला आपल्या पणजोबाची वेठ ठाऊक नाही, तो तरुण उद्या दलालाच्या गाडीत बसून गावच्या सड्याची मोजणी दाखवील आणि त्याला त्यात काही वावगे वाटणार नाही. इतिहास विसरलेले कूळ स्वतःहून राजीनामा देते.

म्हणून काही कामे सुचवितो. ती मोठी नाहीत, पण कष्टाची आहेत. प्रत्येक गावात सातबाऱ्याचे चावडीवाचन आपण आग्रहाने घडवून आणले पाहिजे, आणि ‘इतर हक्कां’त कुळाचे नाव असूनही ज्यांची प्रकरणे रेंगाळली आहेत, त्यांची यादी करून तहसील कचेरीच्या दारात बसले पाहिजे. जेथे प्रकल्पाची चर्चा आहे, तेथील गेल्या काही वर्षांचे खरेदीव्यवहार ग्रामसभेपुढे जाहीर करावेत, अशी मागणी केली पाहिजे. मोबदल्याचा विचार करताना कागदावरच्या मालकाबरोबरच कसणारा, चारणारा, गवत कापणारा यांचाही हिस्सा मानला जावा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात आली पाहिजे. आणि गावोगावच्या वृद्ध कुळांकडून वेठीच्या, आभावणीच्या, राजीनाम्यांच्या आठवणी ती माणसे हयात आहेत तोवर लिहून घेतल्या पाहिजेत.

रावसाहेब मंडलिकांचे चरित्र जरूर छापावे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे पत्र, त्यांचे ग्रंथ यांविषयी आदराने लिहावे. त्यात एक प्रकरण मात्र खोती कायद्याचे असावे, आणि ते कुळाच्या बाजूने लिहिलेले असावे. त्या अभ्यासवर्गातल्या तरुणाला मी एवढेच सांगितले की, तुझ्या गावच्या पुढल्या स्मरणिकेत पालनकर्त्याच्या फोटोशेजारी तुझ्या पणजोबांचे नाव छापून आण. त्याने घरी जाऊन विचारले. पणजोबांचे नाव घरात कोणालाच आठवत नव्हते. शेवटी ते जुन्या फेरफाराच्या नोंदीत सापडले: वेडेवाकडे लिहिलेले, आणि खाली अंगठा.